इंग्लंड : कौन्सिलच्या टॅक्सी धोरणाचा मसुदा आलाय, प्रवाशांच्या सुरक्षेसाठी नेमकं काय मागावं?

उपनगरवासी

आमच्या जिल्हा कौन्सिलनं टॅक्सी आणि प्रायव्हेट हायर परवान्यांच्या धोरणाचा नवा मसुदा लोकांपुढे ठेवलाय. हरकती-सूचनांना बारा आठवडे दिले होते, त्यातले पाच उरलेत. इथल्या मराठी मंडळातर्फे एकत्रित उत्तर पाठवायचं ठरलंय. मंडळातल्या काही घरांमधली मुलं शाळेला काउंटी कौन्सिलनं ठरवलेल्या टॅक्सीनं जातात. हॉस्पिटलची रात्रपाळी संपवून निघणाऱ्या नर्स आणि केअर होममधल्या बायका तर रोजच मिनीकॅबनं घरी येतात.

महाराष्ट्रात परमिट आणि बॅज आरटीओकडे, नगरपालिकेचा संबंध फार तर स्टँडपुरता. इथे सगळं कौन्सिलकडे आहे एवढं कळलंय, पण त्यांचा हात कुठपर्यंत पोचतो याचा अंदाज येत नाही. मसुदा वाचून बहुतेकांचं म्हणणं "सीसीटीव्ही सक्तीचा करा" इथेच येऊन थांबतं. तेवढ्यानं भागतं का? मसुद्यात कोणत्या जागा बारकाईनं बघायच्या, आणि उत्तर कसं लिहिलं तर कौन्सिलच्या परवाना समितीला ते बाजूला सारता येणार नाही?

परवाना_खिडकी

कॅमेऱ्याआधी बघायला हव्यात अशा तीन-चार जागा आहेत. सगळ्या मसुद्याच्या मधल्या, कंटाळवाण्या पानांत सापडतील.

आधी रचना. हॅकनी कॅरेज म्हणजे स्टँडवर उभी राहणारी, रस्त्यात हात करून थांबवता येणारी टॅक्सी. तिचा कायदा १८४७ चा. प्रायव्हेट हायर म्हणजे मिनीकॅब. ती आधी बुक केल्याशिवाय घेताच येत नाही, आणि तिचा कायदा १९७६ चा. मिनीकॅबला तीन परवाने लागतात, चालकाचा, गाडीचा आणि बुकिंग घेणाऱ्या ऑपरेटरचा, आणि तिन्ही एकाच कौन्सिलचे असावे लागतात. बुकिंगशिवाय रस्त्यावरून प्रवासी उचलला तर तो गुन्हा आहे, आणि त्या फेरीला बहुधा विमाही लागू होत नाही. (लंडनचा कारभार वेगळा, तिथे ट्रान्सपोर्ट फॉर लंडन आहे. स्कॉटलंडचा कायदाही वेगळा.)

जुलै २०२० मध्ये वाहतूक खात्यानं वैधानिक मानकं काढली. कौन्सिलनं ती विचारात घेणं कायद्यानं बंधनकारक आहे. ती पाळायची नसतील तर सबळ कारण द्यावं लागतं. म्हणून तुमचा मसुदा या मानकांशेजारी ठेवून वाचा. जिथे मसुदा ढिला आहे तिथे खूण करा. तुमचं निम्मं उत्तर त्यातूनच निघेल.

चालक "योग्य आणि लायक" आहे का हे ठरवायचा प्रश्न मानकांत साध्या भाषेत दिलाय. ज्यांची काळजी तुम्ही घेता अशा व्यक्तीला, तिची अवस्था कशीही असो, दिवसा किंवा रात्री कधीही या माणसाच्या गाडीतून एकटीनं जाऊ द्याल का? पुरावे तोलून उत्तराचं पारडं "नाही"कडे जरासं झुकलं तरी परवाना द्यायचा नाही. संशयाचा फायदा अर्जदाराला मिळत नाही. फौजदारी खटल्याची सवय असलेले नगरसेवक इथेच अडखळतात आणि "शिक्षा झालेली नाही ना, मग?" असं विचारतात. शिक्षा होण्याची अट इथे नाही, हे धोरणात स्पष्ट लिहून घ्या.

आता डीबीएस, म्हणजे गुन्ह्यांच्या नोंदींची सरकारी तपासणी. चालकासाठी वरच्या दर्जाची, म्हणजे 'एन्हान्स्ड', आणि सोबत मुलांबरोबर व प्रौढांबरोबर काम करायला बंदी असलेल्यांच्या दोन्ही याद्या. मानकं म्हणतात दर सहा महिन्यांनी. जुन्या धोरणांत बऱ्याच ठिकाणी हे "परवाना नूतनीकरणाच्या वेळी", म्हणजे तीन वर्षांतून एकदा असायचं. सहामाही तपासणी जमते ती डीबीएसच्या अपडेट सेवेमुळे. चालक वर्षाला १६ पौंड भरतो, कौन्सिल हवं तेव्हा ऑनलाइन स्थिती बघते, आणि त्या बघण्याचं शुल्क नाही.

गडबड होते ती वर्गणीत. चालकाचं बँक कार्ड मुदत संपून बदलतं, पैसे कापले जात नाहीत आणि वर्गणी बंद पडते. जुन्या प्रमाणपत्रावर ती पुन्हा सुरू करता येत नाही. नवी तपासणी करून प्रमाणपत्र निघाल्यापासून ३० दिवसांत नाव नोंदवावं लागतं. म्हणून धोरणात दोन वाक्यं हवीत. अपडेट सेवेची वर्गणी चालू ठेवणं ही परवान्याची अट, आणि ती खंडित झाल्यास ठरलेल्या दिवसांत नवा अर्ज, नाहीतर परवान्याचा फेरविचार. "चालकाला अपडेट सेवेत सहभागी होण्यास प्रोत्साहन दिले जाईल" असलं वाक्य दिसलं तर ते बदलायलाच सांगा.

आपल्या लोकांना जवळची आणखी एक बाब. सज्ञान झाल्यावर सलग तीन महिने किंवा जास्त काळ परदेशात राहिलेल्याकडून तिथलं चारित्र्य प्रमाणपत्र मागायचं असतं, कारण डीबीएसमध्ये परदेशातली नोंद येईलच असं नाही. भारतातून आलेल्यासाठी हे म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट. अर्जदार मधली पाच वर्षं दुबईत असेल तर तिथलंही हवं. काही मसुद्यांत हे फक्त पहिल्या अर्जाला लागू ठेवतात. परवाना चालू असताना चार-सहा महिने बाहेर जाऊन आलेला चालक मग त्या जाळीतून सुटतो. नूतनीकरणालाही लागू करा असं लिहा.

कलम_एकसष्ट

वरच्या प्रतिसादात परवाना देण्याची बाजू आली. माझ्या मते खरा प्रश्न काढून घेण्याचा आहे. चालकाबद्दल गंभीर माहिती कौन्सिलमधल्या कुणाच्या तरी टेबलावर पोचते, त्या क्षणापासून त्याच्या छातीवरचा बॅज उतरेपर्यंत किती वेळ जातो? धोरणाचं मोजमाप मी यावरूनच करतो.

रॉदरहॅममध्ये काय झालं ते आठवा. ऑगस्ट २०१४ मध्ये आलेल्या अलेक्सिस जे यांच्या अहवालानं १९९७ ते २०१३ या काळात अंदाजे १४०० मुलामुलींचं लैंगिक शोषण झाल्याचं मांडलं, आणि टॅक्सीचालकांचा त्यातला सहभाग ठळकपणे नोंदवला. फेब्रुवारी २०१५ मध्ये लुईस केसी यांच्या अहवालानं कौन्सिलचा परवाना विभागही तपासला आणि तो प्रवाशांचं रक्षण करण्यात कमी पडल्याचं सांगितलं. कागदावर अधिकार तेव्हाही होते. माहिती एका खात्यात पडून राहिली आणि बॅज तसेच राहिले.

म्हणून मसुद्यात हे शोधा.

१९७६ च्या कायद्याचं कलम ६१. त्याखाली परवाना निलंबित किंवा रद्द करता येतो. चालकाला २१ दिवसांत मॅजिस्ट्रेट कोर्टात अपील करता येतं, आणि साधारणपणे अपिलाचा निकाल लागेपर्यंत तो गाडी चालवत राहतो. पण २००६ च्या दुरुस्तीनं पोटकलम २बी आलं. सार्वजनिक सुरक्षेसाठी गरज आहे असं नोटिशीत कारणांसह लिहिलं, तर निर्णय नोटीस हातात पडताक्षणी लागू होतो. मग अपील केलं तरी चालवता येत नाही. हा निर्णय रात्री नऊ वाजता, शनिवारी, नाताळात कोण घेऊ शकतं? समितीची बैठक महिन्याला एक असेल आणि अधिकार फक्त समितीकडे असेल, तर २बी चा काही उपयोग नाही. धोरणात लेखी अधिकारप्रदान हवं. परवाना विभागाचा ठराविक वरिष्ठ अधिकारी आणि तो नसेल तेव्हा दुसरा, अशी दोन पदं नमूद केलेली.

इथे बऱ्याच कौन्सिलांची एक चूक होते. आरोप आला की "तपास होईपर्यंत निलंबन", मग काही महिन्यांनी त्याच कारणावर रद्द. २०१२ च्या सिंग विरुद्ध कार्डिफ खटल्यात हायकोर्टानं सांगितलं की निलंबन ही तात्पुरती थांबवण्याची पायरी नाही, तो स्वतःच अंतिम निर्णय आहे. त्याच मुद्द्यावर नंतर रद्द केलं तर ते टिकत नाही. त्यामुळे हाती असलेल्या माहितीवर माणूस लायक राहिला नाही असं वाटत असेल तर थेट, तत्काळ रद्द. पुढे तो निर्दोष ठरला तर कौन्सिल त्याला लवकर नवा परवाना देऊ शकते. मसुद्यात "अंतरिम निलंबन" हा शब्द असेल तर समितीला या खटल्याची आठवण करून द्या.

माहिती पोचण्याचे मार्ग तीन. अटक किंवा आरोप झाला की पोलीस स्वतःहून परवाना विभागाला कळवतात, त्यासाठी पोलिसांकडे अद्ययावत संपर्क असला पाहिजे. दुसरा मार्ग चालक स्वतः. मानकांनुसार लैंगिक गुन्हा, अप्रामाणिकपणा, हिंसा किंवा वाहतुकीचा गुन्हा यात अटक होऊन सुटका, आरोप वा शिक्षा झाली तर ४८ तासांत कळवायचं. तिसरा मार्ग नागरिकांच्या तक्रारी.

शिक्षांबाबतचे कालावधीही ताडून पाहा. मानकांच्या परिशिष्टानुसार लैंगिक गुन्हा, शोषणाचा गुन्हा किंवा मृत्यूस कारण ठरणारा गुन्हा असेल तर परवाना नाहीच. हिंसेसाठी शिक्षा पूर्ण झाल्यापासून किमान १० वर्षं, हत्यार बाळगणं आणि अप्रामाणिकपणासाठी ७, दारू पिऊन गाडी चालवल्यास ७, गाडी चालवताना हातात फोन धरल्यास ५. इथे एक बारीक फरक आहे. मुदत शिक्षा सुनावल्यापासून मोजायची नाही, शिक्षा किंवा बंदी संपल्यापासून मोजायची. मसुद्यात "दोषी ठरल्याच्या तारखेपासून" असं आलं असेल तर लांब शिक्षेच्या प्रकरणात अनेक वर्षांची सूट आपोआप मिळते.

वायर_आणि_फ्यूज

सीसीटीव्हीबद्दल. मी त्याच्या बाजूचा आहे, पण नीट अटींशिवाय सक्ती केली तर छताला चिकटलेला एक निरुपयोगी डबा मिळतो.

आधी कायद्याची बाजू थोडक्यात. सक्ती कौन्सिलची असेल तर त्या चित्रणाची जबाबदारीही कौन्सिलवर येते, चालकावर नाही. साउथहॅम्प्टन कौन्सिलनं सगळ्या टॅक्सींमध्ये सतत आवाज रेकॉर्ड करायला लावला होता. माहिती आयुक्तांनी तो अडवला आणि २०१३ मध्ये न्यायाधिकरणानंही आयुक्तांचीच बाजू उचलून धरली. प्रवासी फोनवर डॉक्टरशी, वकिलाशी बोलत असतो, ते सगळं साठवणं प्रमाणाबाहेर आहे. म्हणून चित्र सतत आणि आवाज फक्त बटण दाबल्यावर. बटणं दोन हवीत, एक चालकाच्या हाताशी, एक मागच्या सीटवरून पोचेल असं. दोन्ही स्वतंत्र, म्हणजे प्रवाशानं चालू केलेला आवाज चालकाला बंद करता येणार नाही. ही अट विसरली तर मागचं बटण असून नसल्यासारखं.

आता बसवणं. रेकॉर्डरला तीन वायरी जातात, बॅटरीचा कायम सप्लाय, इग्निशन आणि अर्थ. घाईत बसवणारे फक्त इग्निशनवर जोडतात. मग किल्ली फिरवली की रेकॉर्डिंग बंद, आणि भाड्यावरून वाद होतो तो नेमका गाडी थांबवून इंजिन बंद केल्यावर. कायम सप्लायवर जोडून इग्निशन फक्त इशाऱ्यासाठी वापरायचं, आणि किल्ली बंद झाल्यावरही किमान ३० मिनिटं चित्रण चालू राहिलं पाहिजे. प्रियससारख्या हायब्रिड गाड्यांत १२ व्होल्टची बॅटरी लहान असते. व्होल्टेज ठराविक पातळीखाली गेलं की रेकॉर्डर आपोआप बंद होण्याची सोय नसेल तर दोन-तीन दिवस उभी राहिलेली गाडी सकाळी चालूच होत नाही. त्यानंतर चालक फ्यूज काढून ठेवतो, आणि कुणाला कळतही नाही.

काळ्या लंडन-पद्धतीच्या टॅक्सीत चालक आणि प्रवाशांमध्ये पारदर्शक पडदा असतो. पुढून लावलेल्या कॅमेऱ्याचे इन्फ्रारेड दिवे रात्री त्या पडद्यावर आपटून परत येतात. दिवसा चित्र स्वच्छ, रात्री नुसता पांढरा गोळा. अशा गाडीत मागच्या कप्प्यात दुसरा कॅमेरा हवाच. तपासणी दुपारी गॅरेजमध्ये होते म्हणून हे निसटतं. गाडी झाकून किंवा अंधाऱ्या शेडमध्ये नेऊन बघायची अट घाला.

घड्याळ जीपीएसवरून जुळणारं असावं. नाहीतर उन्हाळी वेळ बदलली की चित्रण तासभर पुढेमागे होतं आणि बचावाचा वकील तेवढ्यावरच बोट ठेवतो. साठवण एन्क्रिप्टेड, उतरवून घेण्याची किल्ली फक्त कौन्सिलकडे, जुनं चित्रण साधारण २८ ते ३१ दिवसांनी आपोआप पुसलं जावं. दारावर बाहेरून वाचता येईल अशी सूचना, त्यात जबाबदार कोण आणि चित्रण कुणाकडे मागायचं हे. चालक घरच्यांना घेऊन खासगी कामाला जाताना रेकॉर्डिंग बंद ठेवण्याची सोयही हवी, पण ती कधी वापरली याची नोंद राहिली पाहिजे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. गाडीच्या प्रत्येक तपासणीत हिरवा दिवा लागतोय एवढं बघून चालणार नाही. मागच्या आठवड्यातलं रात्रीचं एक मिनिट प्रत्यक्ष उतरवून बघायचं. धोरणात ही ओळ असेल तर यंत्रणा टिकते.

उपनगरवासी

तिघांचेही आभार. मसुदा पुन्हा वाचला. अपडेट सेवेबाबत खरोखरच "प्रोत्साहन" असाच शब्द आहे, आणि तत्काळ रद्द करण्याचा अधिकार फक्त समितीला दिलाय.

तीन अडचणी राहिल्या. आमच्या नगरसेवकांचं म्हणणं, गावात फिरणाऱ्या निम्म्या मिनीकॅब दुसऱ्याच कौन्सिलच्या आहेत, मग आम्ही नियम कडक करून काय उपयोग? दुसरं, पैसे नाहीत. तिसरं, शाळेच्या टॅक्सीबद्दल विचारलं तर "तो काउंटीचा विषय" म्हणून बाजूला करतात.

परवाना_खिडकी

शेवटच्या अडचणीपासून सुरुवात करतो, कारण तुमच्या मुलांच्या दृष्टीनं ती सगळ्यात गंभीर आहे.

तुमच्याकडे दोन थर आहेत. टॅक्सीचे परवाने जिल्हा कौन्सिल देते. शाळेच्या वाहतुकीची कंत्राटं आणि मुलांची समाजसेवा काउंटी कौन्सिल बघते. शाळेच्या फेरीत चालकाबद्दल तक्रार आली की काउंटी त्याला त्या मार्गावरून काढते. तिच्या दृष्टीनं काम झालं. पण चालकाचा बॅज जिल्ह्याचा, आणि जिल्ह्याला कुणी कळवलंच नाही, तर तोच माणूस संध्याकाळी मिनीकॅब घेऊन बाहेर पडतो. मुलांसोबत काम करणाऱ्यांवरच्या आरोपांसाठी काउंटीत एक नेमलेला अधिकारी असतो, त्याला सगळे लाडो म्हणतात. टॅक्सीचालकाचं प्रकरण लाडोकडे आलं की बैठकीला जिल्ह्याचा परवाना अधिकारी बोलावला जाईल, आणि कंत्राटावरून काढलेल्या प्रत्येक चालकाचं नाव कारणासह एका कामाच्या दिवसात जिल्ह्याला कळवलं जाईल, असा लेखी करार दोन्ही कौन्सिलांमध्ये मागा. उलट दिशेनंही तसंच, जिल्ह्यानं बॅज काढला की त्याच दिवशी काउंटीच्या वाहतूक विभागाला कळवायचं. यासाठी नवा कायदा किंवा जादा निधी लागत नाही. हे तुमच्या उत्तरात पहिल्या पानावर यावं.

आता बाहेरच्या गाड्या. तिन्ही परवाने एकाच कौन्सिलचे असले की मिनीकॅब देशात कुठेही काम करू शकते. २०१५ च्या कायद्यानं ऑपरेटरला दुसऱ्या भागातल्या ऑपरेटरकडे बुकिंग सोपवण्याचीही मुभा दिली. वुल्व्हरहॅम्प्टनच्या प्लेटच्या, म्हणजे तिथल्या कौन्सिलचा परवाना असलेल्या गाड्या देशभर दिसतात त्या यामुळे. जून २०२५ मध्ये बॅरोनेस केसी यांच्या राष्ट्रीय लेखापरीक्षणानं ही फट बुजवण्याची शिफारस केली आणि सरकारनं ती मान्य केली. पण तोवर हात बांधून बसायची गरज नाही.

पहिलं, २०२२ चा सुरक्षा कायदा. दुसऱ्या कौन्सिलच्या चालकाचं गैरवर्तन तुमच्या कौन्सिलला कळलं की तिनं १० कामाच्या दिवसांत ते त्या कौन्सिलला कळवायचंच, आणि त्या कौन्सिलनं २० कामाच्या दिवसांत परवान्याचा विचार करून उत्तर द्यायचंच. म्हणून "ती गाडी आमची नाही" हे उत्तर नागरिकाला देता येत नाही. तक्रार घेऊन पुढे पाठवणं हे कर्तव्य आहे, आणि धोरणात तसं लिहिलेलं हवं. त्याच कायद्यानं एप्रिल २०२३ पासून सुरक्षेच्या कारणावरून नाकारलेले, निलंबित किंवा रद्द केलेले परवाने राष्ट्रीय नोंदवहीत ५ कामाच्या दिवसांत टाकणं सक्तीचं झालं. नोंद ११ वर्षं राहते, आणि नवा परवाना देण्याआधी किंवा नूतनीकरणाआधी ती वही बघावीच लागते. एका गावात बॅज गेला की दुसऱ्या गावात अर्ज करायचा, ही जुनी वाट त्यामुळे बरीच अरुंद झाली.

दुसरं, परस्पर अधिकार. तुमचा निरीक्षक दुसऱ्या कौन्सिलची मिनीकॅब थांबवून तपासू शकत नाही, जोवर त्या कौन्सिलनं त्याला तसा अधिकार दिलेला नाही. शेजारच्या कौन्सिलांनी एकमेकांच्या अधिकाऱ्यांना हे अधिकार द्यावेत असं मानकंच सुचवतात. तुमच्या गावात ज्या प्लेट सगळ्यात जास्त दिसतात त्या दोन-तीन कौन्सिलांशी आधी करार करा, असं लिहा.

कलम_एकसष्ट

पैशांचं उत्तर सोपं आहे. परवाना फीमधून हा खर्च काढता येतो. २०१९ मध्ये वेकफिल्ड कौन्सिलच्या प्रकरणात अपील कोर्टानं सांगितलं की चालकांवर देखरेख ठेवण्याचा खर्च चालकाच्या परवाना फीत घालता येतो. वेकफिल्डनं तो गाडीच्या फीत घातला होता, तेवढं मात्र बेकायदा ठरलं. म्हणजे अधिकारी कमी आहेत असं कौन्सिल म्हणत असेल तर फीचा हिशोब मागा, १९७६ च्या कायद्याच्या कलम ५३ खाली चालकाच्या फीत देखरेखीचे किती तास धरलेत ते विचारा. फी वाढली तर चालक नाराज होतील हे खरं, पण तीन वर्षांच्या परवान्यावर ती वाढ विभागली जाते.

रात्रपाळी

ऑपरेटरची बाजू राहिलीय. रात्री नर्स बुकिंग करते तेव्हा तिचा पत्ता, फोन आणि ती एकटी आहे ही माहिती आधी फोन घेणाऱ्याला कळते, चालकाला नंतर.

म्हणून बुकिंग घेणारे आणि गाड्या पाठवणारे यांची नोंदवही आणि प्रत्येकाचं प्राथमिक डीबीएस बघितल्याचा पुरावा ही ऑपरेटरच्या परवान्याची अट असायला हवी. बुकिंगच्या नोंदीत प्रवाशाचं नाव, मागणीची वेळ, उचलण्याची जागा, जायचं ठिकाण, चालकाचं नाव, त्याचा परवाना क्रमांक, गाडीचा नंबर, बुकिंग कुणी घेतलं आणि गाडी कुणी पाठवली एवढं हवं, आणि ते किमान सहा महिने ठेवायचं. शेवटच्या दोन गोष्टी हमखास गाळल्या जातात. सॉफ्टवेअरमध्ये सगळे एकाच लॉगिननं बसतात, मग कुणी पाठवलं हे कधीच कळत नाही. प्रत्येकाला वेगळं लॉगिन ही अट नावानिशी लिहा.

दुसरी फट मोठ्या गाड्यांची. आठपर्यंत प्रवासी असतील तर मिनीकॅब. नऊ किंवा जास्त सीटची मिनीबस वेगळ्या परवान्यात येते आणि तिच्या चालकाची तपासणी टॅक्सीचालकाइतकी होत नाही. काही ऑपरेटर गाडी कमी पडली की दोन प्रवाशांसाठीही तीच पाठवतात. प्रवाशाला सांगून आणि त्याची संमती घेऊनच पाठवायची, ही मानकांतली सूचना अटींत आली पाहिजे.

तिसरी, एकाचा बॅज आणि गाडी चालवणारा दुसराच. ॲपवर लॉगिन भावाचं, स्टिअरिंगवर हा. शिफ्टच्या सुरुवातीला चालकाचा फोटो ताडून पाहणं आणि प्रवाशाला गाडीच्या नंबरासोबत चालकाचा फोटो पाठवणं, हे दोन्ही मागा. कंपनीचं नाव लिहिलेले चुंबकी फलक दारावरून काढून दुसऱ्या गाडीला चिकटवता येतात, म्हणून फलक कायमचे चिकटवलेलेच असावेत.

मंडळातल्या बायकांना एवढं जरूर सांगा. "माझ्यासाठी आहे का?" असं विचारायचं नाही. "कुणासाठी आलात?" असं विचारायचं, आणि नाव चालकाकडून ऐकायचं. मागच्या प्लेटवर कौन्सिलचं नाव आणि क्रमांक असतो, बसण्याआधी त्याचा फोटो काढायचा. तक्रार करताना तो क्रमांक, वेळ आणि जागा असली की परवाना विभागाला चालक काही मिनिटांत सापडतो. प्रसंग चालू असेल तर मात्र थेट पोलिसांना ९९९ वर फोन.

परवाना_खिडकी

स्टँडबद्दल दोन ओळी. रात्री क्लब, हॉस्पिटल आणि स्टेशनजवळ उजेडात, कॅमेऱ्याखाली स्टँड असेल तर लोक बुकिंगशिवाय थांबलेल्या मिनीकॅबकडे वळत नाहीत. १९७६ च्याच कायद्याच्या कलम ६३ खाली कौन्सिल नवं स्टँड ठरवू शकते. पोलिसांना नोटीस, स्थानिक वर्तमानपत्रात जाहिरात आणि हरकतींना २८ दिवस लागतात, आणि स्टँड सार्वजनिक रस्त्यावर असेल तर रस्ते सांभाळणाऱ्या काउंटीची संमतीही. स्टेशनच्या हद्दीतली जागा मात्र रेल्वेची असते, तिथे कौन्सिल एकटी काही करू शकत नाही. मंडळात व्हीलचेअर वापरणारं किंवा मदतनीस श्वान सोबत ठेवणारं कुणी असेल तर २०२२ चा अपंग प्रवासी कायदाही धोरणात आलाय का बघा. नकार देणं किंवा जादा पैसे घेणं हा गुन्हा आहे, दंड १००० पौंडांपर्यंत.

उत्तर लिहिताना प्रत्येक मुद्द्याला मसुद्यातला परिच्छेद क्रमांक, त्यातलं वाक्य, तुम्हाला हवं असलेलं वाक्य आणि मानकांतला आधार, अशा चार ओळी द्या. "सुरक्षा वाढवावी" असं लिहिलेली दोनशे पत्रं अहवालात एका ओळीत गुंडाळली जातात. पर्यायी वाक्य दिलेलं असलं की अधिकाऱ्याला ते स्वीकारलं की नाकारलं, आणि का, हे लिहावं लागतं. नमुना म्हणून:

"परिच्छेद अमुक. 'प्रोत्साहन दिले जाईल' हे शब्द काढावेत. त्याऐवजी : चालकाने डीबीएस अपडेट सेवेची वर्गणी परवान्याच्या संपूर्ण काळात चालू ठेवली पाहिजे. कौन्सिल दर सहा महिन्यांनी स्थिती तपासेल. वर्गणी खंडित झाल्यास चालकाने १४ दिवसांत नव्या तपासणीसाठी अर्ज करावा, अन्यथा परवान्याचा फेरविचार होईल."

इंग्रजीत पाठवायचं असलं तरी आधी मराठीत असं पक्कं करून घ्या, मंडळातल्या सगळ्यांना कळेल आणि सह्याही समजून होतील.

आणखी एक काम आजच करा. माहिती अधिकाराचा अर्ज. इथे उत्तराला २० कामाच्या दिवसांची मुदत असते आणि तुमच्याकडे पाच आठवडे, म्हणजे २५ कामाचे दिवस आहेत. मध्ये बँक हॉलिडे असेल तर तेवढे दिवस आणखी पुढे जातात. चारच प्रश्न विचारा. गेल्या तीन वर्षांत किती चालकांचे परवाने रद्द झाले आणि त्यातले किती तत्काळ लागू केले. त्या प्रत्येकात माहिती मिळाल्याची तारीख आणि नोटीस बजावल्याची तारीख. काउंटीकडून किती चालकांबद्दल कळवण्यात आलं. आणि दुसऱ्या कौन्सिलांना किती तक्रारी पाठवल्या. नावं मागू नका, नाहीतर त्या कारणावर अर्ज अडकेल. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं की त्या दोन तारखांमधले दिवस मोजा आणि तोच तक्ता तुमच्या उत्तराला जोडा.